जर्मनीत घरासमोरच्या पदपथावरचा बर्फ कोणी काढायचा: नगरपालिकेने की भाडेकरूने?

रस्त्यांचे काम नगरपालिका करते, पण आधी मुख्य रस्ते, बसचे मार्ग आणि धोक्याचे चढउतार. गल्लीबोळांची पाळी उशिरा येते, कधी येतही नाही. घरालगतच्या पदपथाची जबाबदारी मात्र बहुतेक शहरांनी आपल्या उपविधींद्वारे घरमालकावर टाकलेली आहे. मालक ती भाडेकरूवर सोपवू शकतो, परंतु तसे भाडेकरारात स्पष्टपणे यावे लागते; जिन्यात नुसता पाळीचा तक्ता चिकटवून भागत नाही. तेव्हा आपण प्रथम करारच वाचावा.

जबाबदारी आपली निघाली, तर कामाच्या दिवशी साधारणपणे सकाळी ७ ते रात्री ८ या वेळेत, दोन माणसे एकमेकांना ओलांडू शकतील एवढी, म्हणजे सुमारे एक ते दीड मीटर रुंदीची वाट मोकळी करून तिच्यावर वाळू किंवा बारीक खडी पसरावी लागते. मीठ टाकण्यास अनेक शहरांत खाजगी व्यक्तींना मनाई आहे. नोकरीवर होतो किंवा सुट्टीला पुण्याला गेलो होतो, ही सबब चालत नाही. बदली माणूस आपणच शोधायचा. कोणी घसरून पडल्यास नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो, त्यामुळे वैयक्तिक दायित्व विमा असलेला बरा.