दहावीला बँड बंद करायचा का?

जून उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, यंदा दहावी. स्काउट, नाटक, कबड्डी हे सगळं आता बंद केलेलं बरं ना?" पहिली घटक चाचणी झाली की त्यांतलेच काही जण पुन्हा येतात. "बंद केलं, तरी अभ्यास होत नाही. असं का?" या दुसऱ्या प्रश्नासाठी आलेल्या एका कुटुंबाविषयी लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलाला ओंकार म्हणू.

ओंकार कोल्हापूरचा. वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, आई घरी शिवणकाम करते. आठवीपासून तो शाळेच्या बँड पथकात मोठा ढोल वाजवायचा. दहावीची पुस्तकं घरात आली त्याच आठवड्यात वडिलांनी सरांना भेटून त्याचं नाव काढून घेतलं.

"शाळा सुटली की सरळ घरी येतोय," आई म्हणाली. "पुस्तक उघडून बसतोय. पण पान उलटत नाही. चाचणीत तर नववीपेक्षाही कमी पडले."

वडिलांना राग होता, पण त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता. "आठवड्याचे चार-पाच तास वाचवले त्याचे. ते गेले कुठं?"

मी म्हटलं, "दादा, हा प्रश्न जपून ठेवा. उत्तर ओंकारच देईल."

एकट्याशी बोलताना ओंकार सुरुवातीला 'हो', 'नाही', 'माहीत नाही' यापुढे गेला नाही. अभ्यासाबद्दल मी मुद्दामच काही विचारलं नाही. घरचे, सर, शिकवणीच्या बाई, सुट्टीत आलेले मामा, सगळे तेच विचारत होते. मी ढोलाबद्दल विचारलं, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मोठ्या ढोलात अवघड काय असतं रे? ठोका तर एकच."

तो पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून बोलला. "एकच असतो, पण तो डाव्या पायावर पडायला लागतो मॅडम. साइड ड्रमवाला चुकला तर बाहेरच्या कुणाला कळतही नाही. मी चुकलो की मागच्या सगळ्यांचे पाय चुकतात."

"मग तू आजारी पडलास तर?"

"तापात पण गेलोय मी. जायलाच लागतंय."

"आणि आता? घरी बसून अभ्यास नाही केलास, तर कुणाचं काय अडतं?"

बराच वेळ गेला. "कुणाचंच नाही. बाबा चिडतात फक्त."

एवढ्या वर्षांत मी पुष्कळ मुलांचं ऐकलं आहे, पण पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतःची अडचण इतक्या थोडक्यात सांगितल्याचं मला आठवत नाही. ऑस्ट्रियन मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर यांच्या विचारांवर माझा पिंड पोसला आहे. माणसाला आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत, आपली इथे जागा आहे, असं वाटणं अन्नासारखं लागतं, हे त्यांच्या सांगण्याचं सार. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाच्या शाळांमधून त्यांनी बालमार्गदर्शन केंद्रं उभी केली ती याच विश्वासावर. आता दहावीच्या मुलाचा दिवस बघा. सकाळी शिकवणी, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा सराव. दिवसभर तो फक्त घेत असतो. त्याच्यावाचून कुणाचं पाऊल अडेल अशी एकच जागा ओंकारकडे होती आणि ती आपण अभ्यासाच्या नावाने काढून घेतली होती. वाचवलेले तास मग पुस्तकासमोर नुसते पडून राहिले. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं.

हे मी वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती, इतकंच. म्हणून पुढच्या वेळी तिघांना एकत्र बसवलं आणि ओंकारला म्हटलं, "डाव्या पायाचं बाबांना सांग." त्याने सांगितलं, तापातलंही सांगितलं.

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडं भट्टी तयार झाली आणि ओतणारा आला नाही, तर मेटल गार पडतंय. सगळ्या पाळीचं काम वाया." आणि ओंकारकडे वळून, "मला एवढं माहीत नव्हतं रे."

यानंतर कुणीही न विचारता ओंकारनेच तोडगा काढला. पंधरा ऑगस्टला वाजवायचं. मग नववीतल्या एकाला हाताशी धरून तयार करायचं. दिवाळीनंतर ढोल त्याच्याकडे, सव्वीस जानेवारीला तोच वाजवेल. मी हा तोडगा सुचवला असता तर तो आठवडाभरही टिकला नसता. मी एकाच गोष्टीची भर घातली. "अभ्यासातलं असं काही आहे का, जे तू कुणाला शिकवू शकशील?" सातवीतल्या चुलत बहिणीला भूमितीच्या रचना शिकवतो, असं त्याचं ठरलं. तिला शिकवायचं म्हणून त्याला आधी स्वतः बसावं लागलं आणि पान उलटायला लागलं. बोर्डात त्याला प्रथम श्रेणी मिळाली. नव्वद टक्के वगैरे नाही आणि तशी आशा मी कुणाला लावतही नाही.

पालकांना माझं सांगणं असं, की उपक्रम चालू ठेवायचा की नाही हे त्यावर मिळणाऱ्या गुणांवरून ठरवू नका. इंटरमिजिएट चित्रकलेत ए श्रेणी आली तर दहावीला ७ गुण जादा मिळतात, म्हणून मुलांना चित्रकलेला बसवणारी आणि ती परीक्षा झाली की रंगपेटी माळ्यावर टाकणारी घरं मी पाहते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांच्यात भिंत नको असं स्पष्ट म्हटलं आहे, पण ती भिंत आधी घरातच उभी असते. मुलाला विचारा, "तू नाही गेलास तर तिथे काय अडतं?" उत्तर देताना तो खुलला, बारकावे सांगू लागला, तर तो उपक्रम मोलाचा. त्याचे तास कमी करा, पण एका फटक्यात तोडू नका.

काही वेळा थांबवणंच योग्य असतं, हेही तितक्याच ठामपणे सांगते. झोप मोडत असेल, येण्याजाण्यातच संध्याकाळ जात असेल, मूल तिथून रडवेलं होऊन येत असेल किंवा केवळ आईबाबांच्या हौशीखातर जात असेल, तर बंद करा. तीन-चार ठिकाणी नाव घातलेल्या मुलाला एक निवडू द्या. निवड मात्र त्याचीच असू दे.

तुमचं मूल आत्ता नववीत असेल तर हे बोलणं वार्षिक परीक्षेनंतरच्या सुट्टीतच करून घ्या. जमल्यास उपक्रमाच्या सरांना किंवा बाईंना सोबत घ्या. दहावीत कधीपर्यंत जायचं, जागा कुणाला द्यायची आणि त्याला कोण शिकवणार, हे मुलाच्या तोंडून ठरू द्या. सरांनाही ते सोयीचं पडतं, कारण जूनमध्ये अचानक नाव काढून घेतलं की त्यांचं पथकही कोलमडतं.