टेफ्लॉनवाली गोळी आणि पोलिसांचं जॅकेट

प्रश्न : अमेरिकेत "कॉप किलर" (म्हणजे पोलिसांना मारणाऱ्या) गोळ्या मिळतात, त्यांना टेफ्लॉन लावलेलं असतं आणि त्यामुळे पिस्तुलाची गोळी पोलिसांच्या बुलेटप्रूफ जॅकेटमधनं घसरत आरपार जाते, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. हे खरंय का?

उत्तर : नाही, टेफ्लॉनचा भाग खरा नाहीये. पण ही गोष्ट आली कुठनं ते सांगितल्याशिवाय पटणार नाही. 1960च्या दशकात ओहायोमधे एक डॉक्टर, एक पोलिसवाला आणि त्या डॉक्टरचा तपासनीस अशा तिघांनी मिळून केटीडब्ल्यू नावाची गोळी बनवली (तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरं), आणि ती बनवली पोलिसांसाठीच, कारण साध्या शिशाच्या गोळ्या गाडीच्या काचेवर नाहीतर दरवाजावर आपटून चपट्या व्हायच्या आणि आतला गुन्हेगार वाचायचा. म्हणून त्यांनी कडक धातू घेतला, नंतर पितळ. आता पितळ बंदुकीच्या नळीला घासतं, नळी लवकर खराब होते, त्यासाठी वरनं टेफ्लॉनचा थर दिला. बास, टेफ्लॉनचं मुख्य काम एवढंच.

जॅकेट कसं काम करतं ते बघा. केव्हलारसारख्या धाग्याचे कितीतरी थर एकावर एक असतात, शिशाची गोळी त्यात अडकून पसरते आणि तिचा जोर एका जागी न राहता खूप धाग्यांवर वाटला जातो. गोळी पसरलीच नाही तर जोर एकाच जागी राहतो. म्हणजे प्रश्न धातूचा आणि वेगाचा आहे, वरच्या थराचा नाही. पण 1982च्या जानेवारीत एनबीसी या टीव्ही चॅनलने या गोळ्यांवर कार्यक्रम दाखवला, दाखवू नका म्हणून पोलिस संघटना आधीपासून सांगत होत्या तरी दाखवला, आणि लोकांच्या डोक्यात "टेफ्लॉन" हा एकच शब्द जाऊन बसला. मला याचा खरंच राग येतो, कारण तोपर्यंत कितीतरी गुन्हेगारांना पोलिस शर्टाच्या आत जॅकेट घालतात हेच माहीत नव्हतं!

1986मधे अमेरिकेच्या संसदेने कायदा केला तेव्हा त्यात टेफ्लॉनचं नावही घेतलं नाही. गोळीचा गाभा कशाचा आहे ते बघितलं, टंगस्टन, पोलाद, पितळ, ब्राँझ वगैरे. काही राज्यांच्या कायद्यांत मात्र टेफ्लॉन घुसलं ते घुसलंच.

प्रश्न : मग ती काळी "ब्लॅक टॅलन" गोळी? ती तर कंपनीनेच मागे घेतली होती ना?

उत्तर : हो, विंचेस्टरने 1993मधे सामान्य लोकांना विकणं बंद केलं, पण ती जॅकेट फोडायची म्हणून नव्हे. ती होलो पॉइंट गोळी, म्हणजे टोकाला पोकळ, शरीरात शिरली की फुलासारखी उघडणारी. अशी गोळी जॅकेटवर आपटली की तिथेच पसरते, त्यामुळे जॅकेटला ती अडवायला उलट सोपी जाते. रंग काळा, नाव भीतीदायक, त्यामुळे लोकांनी तिलाही टेफ्लॉनवाली ठरवलं. तो थर टेफ्लॉनचा नव्हताच.

प्रश्न : म्हणजे चांगलं जॅकेट घातलं की पोलिस सुरक्षित?

उत्तर : असं अजिबात म्हणू नका, हा दावा मला पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. शर्टाखाली घालायचं मऊ जॅकेट पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांसाठी असतं, रायफलची गोळी ते थांबवत नाही, त्याला पुढे कडक प्लेट लागते. पोलिसांच्या जॅकेटांची मानकं ठरवणाऱ्या तिथल्या एनआयजे या सरकारी संस्थेच्या 2008च्या मानकात थ्री-ए लेव्हलच्या, म्हणजे मऊ जॅकेटांतल्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या जॅकेटची परीक्षा .44 मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या जोरदार गोळीने व्हायची, वेग सेकंदाला साधारण 436 मीटर, आणि गोळी अडली तरी जॅकेटमागे शरीराच्या जागी ठेवलेल्या मातीत खड्डा 44 मिलीमीटरपेक्षा खोल पडलेला चालायचा नाही. कारण गोळी अडली म्हणजे मार लागला नाही असं नसतं, बरगडी मोडू शकते, आतनं जबर जखम होऊ शकते.

आणि एक गोष्ट जी त्या टेफ्लॉनच्या गोंधळात कोणी बोलत नाही. 2003मधे पेनसिल्व्हेनियात एका पोलिसाचं जॅकेट खरंच फुटलं, आणि ते साध्या पिस्तुलाच्या गोळीनं, जी त्या जॅकेटने अडवायलाच हवी होती. जॅकेट झायलॉन नावाच्या धाग्याचं होतं. तपास झाला तेव्हा कळलं की दमटपणा आणि उष्णतेने हा धागा आतल्या आत कमजोर होतो, बाहेरनं काहीच दिसत नाही, आणि पोलिस रोज घामाने भिजलेलं तेच जॅकेट घालून ड्युटीवर जात होते. 2005मधे एनआयजेने झायलॉनच्या जॅकेटांची मान्यता काढली. 2008च्या मानकात मग नवीन चाचणी आली, जॅकेटं 10 दिवस 65 अंश सेल्सियसच्या दमट गरम हवेत गोल गोल फिरवायची आणि त्यानंतर त्यांच्यावर गोळ्या झाडायच्या.