दुष्काळ आणि साथरोग यांचा एकत्रित धोका विकसनशील देशांत कसा मोजतात?

पुस्तकी उत्तर सोपं आहे: संकट किती मोठं, त्याच्या तोंडी किती माणसं, आणि त्यांच्यात तग धरायची ताकद किती. मी लातूर जिल्ह्यात आरोग्यसेवक होतो. आमच्याकडे हे कुणी मोजत नव्हतं.

२०१६चा एप्रिल. मांजरा धरण आटलेलं. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, १० वाघिणींत ५ लाख लिटर, ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. आमच्या गावाला टँकर, तोही नवव्या-दहाव्या दिवशी. दाजींच्या अंगणात सात टिपाडं भरलेली. एकावरचं पोतं उचलून बॅटरी मारली, तर अळ्या खाली-वर, खाली-वर. म्हटलं, "दाजी, हे ओता." ते म्हणाले, "डोकं फिरलंय का तुझं? तुझी बहीण रात्री दोनला उठून भरते हे."

त्याच आठवड्यात तालुक्याच्या बैठकीत विषय काढला. एक साहेब म्हणाले, "अहो, पाणीच नाही तर डास कुठले?" सगळे हसले. मीही हसलो, त्याचाच राग अजून आहे.

पंधरा दिवसांनी भाची तापानं फणफणली. डेंगी. प्लेटलेट २२ हजारांवर आल्या. वाचली.

डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे टँकरची पाळी आठवड्यापुढे गेली की धोका सुरू. पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत आली का, यावर तेव्हा दुष्काळ ठरवत. ती पिकाची झाली, घरातल्या टिपाडाची नाही. तहसीलची टँकरची यादी आणि दवाखान्याची तापाची वही शेजारी-शेजारी ठेवा, बाकीचे नकाशे नंतर. आणि भिंतीवर 'कोरडा दिवस पाळा' (आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करा) रंगवू नका. पाणी ओतायला कुणी तयार होणार नाही. फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळा, रिकाम्या टिपाडाच्या कडा घासा (अंडी तिथं चिकटून कोरडी महिनोन्‌महिने टिकतात), वर कापड घट्ट बांधा.

हां, एक राहिलं. रक्तच तपासलं नाही तर वहीत रुग्ण शून्य दिसतो, तेव्हा शून्यावर भुलू नका. गॅस्ट्रोचं गणित वेगळं, तो पहिल्या पावसात घाण विहिरीत उतरली की येतो. तिथं पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बघा.

दाजी अजून म्हणतात, पोरीला डास लातूरच्या बसमध्ये चावला. दाजी, वाचत असाल तर: परीक्षा संपल्यापासून ती अंगणाबाहेर गेलीच नव्हती.