बूट चावतोय? मग तो मोठा असेल!

प्रश्न : नमस्कार ताई, मी मूळचा साताऱ्याचा, सध्या म्युनिकला असतो. सह्याद्रीत भरपूर भटकलोय म्हणून वाटलं स्की टूरिंग सहज जमेल, मागच्या सीझनला सेलमध्ये बूट घेतले, चवडा रुंद आहे म्हणून मुद्दाम मोठे. पाऊल २६ सेमी, बूट २७.५. चढताना दोन्ही टाचांना फोड येतात आणि उतरून आलो की अंगठ्यांची नखं काळीनिळी. आता २८.५ घेऊ का?

उत्तर : नको हो, अजिबात नको! बूट तुम्हाला लहान होत नाहीये, ढगळ होतोय. टूरिंगमध्ये स्कीखाली स्किन्स, म्हणजे मागे घसरू न देणाऱ्या केसाळ पट्ट्या, लावून आपणच डोंगर चढतो, बूट फक्त पुढच्या टोकाला पिनांमध्ये अडकलेला, टाच मोकळी, त्यामुळे आत जागा असली की पावलागणिक टाच वर सरकते आणि घासते, दोन-तीन तासांत हे हजारो वेळा होतं मग फोड येणारच की. उतरताना तेच पाऊल पुढे घसरतं आणि नखं आपटतात.

स्की बूटाचा नंबर म्हणजे मोंडोपॉइंट, साध्या भाषेत पावलाची सेंटीमीटरमधली लांबी. भिंतीला टाच टेकवून उभं राहून मोजा, दोन्ही पाय मोजा. २६ आलं तर २६ किंवा २६.५ बघा, बऱ्याच कंपन्यांत या दोन्हींचं बाहेरचं कवच एकच असतं.

दुकानात दुपारनंतर जा, तोवर पाय जरा सुजलेले असतात. आधी आतला लायनर, म्हणजे मऊ आतला बूट, काढायला सांगा, रिकाम्या कवचात पाय घाला, पायाची बोटं पुढे हलकी टेकवा आणि टाचेमागे हाताची बोटं घालून बघा. दीड-दोन सेमी जागा असेल तर ठीक, तीन बोटं आरामात गेली तर तो बूट परत रॅकवर. मग लायनरसकट घालून बकल लावा. ताठ उभं राहिल्यावर बोटं टोकाला लागतात आणि इथेच सगळे घाबरून मोठा मागतात, पण गुडघे वाकवा, टाच मागे बसते आणि बोटं सुटतात.

रुंदीचं म्हणाल तर रुंद लास्टचा, म्हणजे चवड्यापाशी आतून रुंद असलेला, बूट मागा, ९८ मिमीचे अरुंद, १०२-१०३ वाले ऐसपैस. लायनर गरम करून पायाच्या आकाराला बसवून देतात, आणि करंगळीच्या मुळाशी टोचत असेल तर कवच तेवढंच तापवून बाहेर ढकलतात. कोल्हापुरीसारखं एरंडेल लावून, वापरून वापरून सैल होईल असली आशा मात्र ठेवू नका, प्लॅस्टिक आहे ते.

जाड मोजे किंवा दोन-दोन मोजे हाही उपाय नाही. मी केलंय ते, ऑस्ट्रियातल्या तिरोलमधल्या एका हटमध्ये (डोंगरातल्या मुक्कामाच्या घरात) संध्याकाळी मोजा काढायला गेले तर तो टाचेला चिकटलेला, कोमट पाण्याने भिजवून भिजवून सोडवला, वर सगळ्यांचं सूप पिऊन झालं तरी मी तिथेच बाकावर. एकच पातळ मोजा घाला आणि चढताना वरची बकलं सैल सोडा.

जुने बूट विकून टाका. आणि हो, नवे घेतले की बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, पुन्हा जुळवून घ्यायला विसरू नका, सोलची लांबी बदलते, ती मिलिमीटरमध्ये बूटावरच लिहिलेली असते.