जुनी राजनैतिक कागदपत्रं सामान्य माणसाला वाचायला मिळतात का? कुठे?

मिळतात, पण वाट बघावी लागते. ब्रिटनमध्ये पूर्वी ३० वर्षांनी कागद खुले व्हायचे, आता २० वर्षांवर आणलंय. भारतात साधारण २५ वर्षांची अट आहे, पण 'संवेदनशील' म्हटलं की फाइल अडकलीच.

घरबसल्या वाचायचं असेल तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यापासून सुरुवात करा. १८६१पासून ते निवडक पत्रव्यवहाराचे खंड काढतंय आणि वेबसाइटवर ते फुकट आहेत. १९७१च्या दक्षिण आशियाई संघर्षावरचा खंड उघडा. ढाक्यातले अमेरिकन वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिलला स्वतःच्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध धाडलेली तार त्यात आहे. मध्येच कंसात 'एक ओळ गोपनीय' अशा अर्थाची नोंद दिसेल. म्हणजे नेमकं किती कापलंय तेही कळतं, हे मला फार प्रामाणिक वाटतं. घटनेनंतर ३० वर्षांत खंड काढायचा असा १९९१पासून कायदा आहे. मुदत सर्रास चुकते, तो भाग वेगळा.

आणि एक युक्ती: एका देशाने दाबलेल्या पत्राची प्रत कधीकधी समोरच्या देशाच्या अभिलेखागारात सापडते. दोन्हीकडे शोधा.