चालू दुकान विकत घेतोय. मालक बदलल्यावर जुनी गिऱ्हाइकं टिकवायची कशी?

वीस-बावीस वर्षं चाललेलं किराणा दुकान तुम्ही घेताय, मालक वयामुळे थांबतायत, आणि ‘लोक त्यांच्याकडे बघून यायचे, माझ्याकडे कशाला येतील’ ही तुमची धास्ती. मी किराण्यातला नाही. सोलापुरात माझी पिठाची गिरणी आहे, तीही चालू असतानाच घेतलेली. धास्ती मलाही होती, आणि पहिल्या पंधरवड्यात मी ती स्वतःच्या हाताने खरी करून दाखवली होती.

झालं असं, की ताबा मिळाल्या मिळाल्या मला काहीतरी करून दाखवायची घाई झाली. रंग काढला, ‘नवीन मालक’ असा फलक लावला आणि दगडांना टाकी लावून घेतली, म्हणजे झिजलेल्या दगडांवर छिन्नीने पुन्हा खाचा पाडून घेतल्या. टाकी लावल्यावर पहिल्यांदा कोंडा नाहीतर टाकाऊ धान्य फिरवायचं असतं, दगडाची कच त्यात निघून जाते. आमच्याकडे दळायला मामा आहेत, जुन्या मालकांच्या वेळेपासूनचे. ते म्हणाले, अजून दोन पायल्या कोंडा जाऊ द्या. बाहेर डब्यांची रांग लागलेली, मी म्हटलं, बास झालं, घ्या दळण. संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या आजी ज्वारीचा डबा घेऊन परत आल्या. भांडल्या नाहीत. चिमूटभर पीठ माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, “खाऊन बघ.” दाताखाली कचकच लागली.

पीठ बदलून दिलं, माझ्या पदरची ज्वारी दळून डबा घरी पोचवला. पण तोवर ‘मालक बदलला, पीठ बिघडलं’ हे पेठेत फिरून आलं होतं. तेच पीठ जुन्या मालकांच्या वेळी खराब निघालं असतं तर लोक म्हणाले असते, आज काहीतरी गडबड झाली दिसते. नव्या माणसाला ती सवलत नसते. म्हणून सांगतो, पहिले चार-सहा महिने काही सुधारू नका. फलक तोच, मांडणी तीच, साखर जिथे आहे तिथेच. ‘नवीन मालक’ असं तर मुळीच लिहू नका. ते वाचून एकही नवं गिऱ्हाईक येत नाही, जुनं मात्र दचकतं.

जुन्या मालकांना महिनाभर गल्ल्याशेजारी बसवून घ्या आणि हे सौद्यातच ठरवा. धंदा शिकवायला ते नकोत, लोकांची ओळख करून द्यायला हवेत. आमच्या गिरणीचे जुने मालक, त्यांना मी काका म्हणतो, खुर्ची टाकून बसायचे आणि येईल त्याला सांगायचे, “आता हा बघतोय, काही कमी-जास्त झालं तर मला सांगा.” हे वाक्य मी हजार वेळा म्हटलं असतं तरी उपयोग नव्हता. नंतर ते फक्त संध्याकाळी यायला लागले, मग आठवड्यातून एकदा.

पण काकांपेक्षा मामा महत्त्वाचे, हे मला उशिरा कळलं. आमच्या भागात जेवण भाकरीचं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, सगळी मदार पिठाच्या विरीवर, म्हणजे पीठ मळल्यावर धरून राहण्याच्या गुणावर. दळताना पीठ तापून जळालं की विरी गेली, आणि मग थापताना भाकरीला चिरा पडतात. कुणाला मालदांडी ज्वारी अगदी बारीक लागते, कुणाला कडक भाकरीसाठी थोडी वेगळी, कोण ‘आधी काय दळलं होतं?’ विचारल्याशिवाय डबा ठेवत नाही, कुणाची उपवासाची भाजणी सकाळी दगड साफ करूनच घ्यायची, हे सगळं मामांच्या डोक्यात. मी गिरणी घेतली तेव्हा हे कुठल्याच कागदावर नव्हतं. मामा गेले असते तर माझ्या हातात मोटर आणि दोन दगड राहिले असते. मी त्यांचा पगार पहिल्याच महिन्यात वाढवला. इतर कुठल्याही खर्चाने मला इतकं परत दिलेलं नाही.

उधारीचं नीट बघा, किराण्यात तर तेच मोठं. बरेच मालक निघताना एकदम वसुलीला लागतात. ज्याच्याकडे दोन महिन्यांची बाकी आहे तो अशा वेळी तोंड चुकवायला लागतो, आणि एकदा समोरच्या दुकानात गेला की शरमेनेच परत येत नाही. पैसे जुन्या मालकांचे बुडतात आणि गिऱ्हाईक तुमचं जातं. त्यांना सांगा, हप्त्याने घ्या, दिवाळीपर्यंत वेळ द्या. मी उधारी विकत घेतली नाही, पण वही शेजारी बसून वाचून घेतली. कोण उशिरा देतो पण देतोच, हे त्यातून समजतं. उलट बाजूही असते. कुणी आगाऊ पैसे ठेवलेले असतात, कुणाचा माल बदलून द्यायचा राहिलेला असतो. ‘ते त्यांना विचारा’ असं एकदाही म्हणू नका. लोकांच्या लेखी दुकान एकच आहे.

फोन नंबरही सौद्यात घ्या. बायकांच्या मोबाइलमध्ये ‘गिरणी’ म्हणून जो नंबर आहे तो काकांचा घरचा होता, मी मागायला विसरलो, आणि कित्येक महिने ‘दळण झालं का?’ असे फोन त्यांना जात राहिले. क्यूआरचा स्टिकरही पहिल्याच दिवशी बदला. माझ्याकडे दोन दिवस पैसे त्यांच्या खात्यात जमा होत होते. माणूस सरळ, त्यांनी कागदावर हिशेब लिहून रोख आणून दिली. सगळेच देतील असं नाही.

भाव वाढवायचाच असेल तर एक दिवाळी जाऊ द्या. मी भाजण्यांचा सीझन संपल्यावर किलोमागे रुपया वाढवला, आठ दिवस आधी पाटी लावून. कुणी काही बोललं नाही.

कागदपत्रांत एक गोष्ट लोक सोडून देतात. विकणारा सहा महिन्यांनी कंटाळून शेजारच्याच चौकात मुलाच्या नावाने दुकान काढतो, आणि गिऱ्हाईक त्याच्या मागे जातं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 प्रमाणे धंदा न करण्याची अट एरवी टिकत नाही, पण धंद्याची पत, म्हणजे गुडविल, विकलं असेल तर अपवाद आहे. ठरावीक हद्दीत तसाच धंदा करणार नाही असं विकणाऱ्याकडून लिहून घेता येतं, फक्त अट वाजवी हवी. ‘अख्ख्या जिल्ह्यात नाही’ असलं काही लिहू नका, हद्द आणि मुदत वकिलाकडून बसवून घ्या. बाकी लाइट बिलावरचं नाव, अन्न परवाना, काट्याचा शिक्का ही कामं थोडा वेळ दिला की होतात.

तुमच्या प्रश्नात एक ओळ आहे, ‘दुकानात एक जुना मुलगा कामाला आहे’. तो थांबणार आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. इसार देण्याआधी मालकांना बाजूला ठेवून त्याच्याशी चहावर बोला.