एमबीएला पहिल्या वर्षी खरंच श्वास घ्यायला वेळ नसतो का?

नसतो, आणि समर प्लेसमेंट (उन्हाळी इंटर्नशिपसाठी कंपन्या मुलं निवडतात त्या) जवळ आल्या की तर विचारूच नका. मी पुण्यात पहिल्या वर्षाला आहे, गेल्या आठवड्याचंच सांगतो. सोमवारी सकाळी ९ ला मार्केटिंगची केस होती, म्हणजे एखाद्या कंपनीचा प्रसंग वाचून वर्गात चर्चा करायची, १८ पानं, आदल्या रात्री वाचणार होतो पण ग्रुपची मीटिंगच ११ ला सुरू झाली आणि ६ जणांपैकी दोघं कॅमेरा बंद करून बहुतेक झोपलेच होते, मग केस मी वर्गाबाहेर चहा पिता पिता चाळली आणि नेमकं सरांनी मलाच उठवलं. कोल्ड कॉल म्हणतात याला, हात वर केला नसला तरी नाव घेतात. केसवरून असं शिकवायची पद्धत हार्वर्डची, १९६१ ला आयआयएम अहमदाबाद सुरू झालं त्यात हार्वर्डची मदत होती, तिथून आपल्याकडे रुजली. वर्गात बोलायलाही मार्क असतात म्हणून काहीजण उगाच तोंड उघडतात, तो वैताग वेगळाच.

बुधवारी अकाउंट्सची क्विझ. मी मेकॅनिकलवाला, डेबिट-क्रेडिट अजूनही उलटं पडतं, सोडा.

खरा जीव जातो तो सीव्हीत. एकच पान, पण प्रत्येक ओळीला पुरावा लागतो, कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेचं सर्टिफिकेट आईला रात्री १२ ला कपाटातून शोधून व्हॉट्सअ‍ॅप करायला लावलं, तिने आधी अर्धा तास झापलं. शनिवारी सीनियर्सकडे मॉक जीडी, म्हणजे ग्रुप डिस्कशनचा सराव, रविवारी कपडे भिजवले ते सोमवारीही बादलीतच होते.